आकड्यातला श्रोता आणि दुकानातले गिऱ्हाईक

रेडिओची जाहिरात विकणारा प्रतिनिधी व्यापाऱ्याच्या गादीवर येतो तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "आमचे स्टेशन शहरात पहिल्या नंबरवर आहे." अशा वेळी व्यापारी बंधूंनी एकच प्रश्न विचारावा. पहिले म्हणजे कशात? आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. थान गजाने मोजले की मीटरने, हे विचारल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. गज ३६ इंचांचा, तर मीटर ३९ इंचांहून थोडा अधिक. ही तीन इंचांची तफावत शंभर मीटरमध्ये कुठल्या कुठे जाते. रेडिओच्या आकड्यांचेही तसेच आहे. मोजपट्टी कोणती, मोजणारा कोण आणि मोजणीतून सुटले कोण, हे कळल्याशिवाय नंबरला अर्थ नाही.

हा विषय नीट समजावयाचा तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तेथील बहुतेक रेडिओ स्टेशने खाजगी आहेत, गावोगावची आहेत आणि स्थानिक व्यापाऱ्याच्या जाहिरातीवर जगतात. श्रोत्यांची मोजणीही तेथे अनेक दशकांपासून चालू आहे. शिवाय गेल्या वीस वर्षांत तेथे एक मोठे स्थलांतर झाले. बातम्या, चर्चा, खेळ आणि श्रोत्यांशी फोनवरील गप्पा, म्हणजे ज्याला तिकडे टॉक रेडिओ म्हणतात, ती स्टेशने जुन्या एएम पट्ट्यावरून एफएम पट्ट्यावर गेली. काहींची भरभराट झाली, काही वर्षभरात बंद पडली. पेठ बदलावी की नाही, हा प्रश्न ज्या दुकानदाराला पडतो त्याला या हकिकतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दोन पट्टे, दोन पेठा

एएम म्हणजे आपल्याकडे ज्याला मीडियम वेव्ह म्हणतात तो पट्टा. त्याच्या लहरी जमिनीलगत दूरवर जातात. रात्री तर त्या वरच्या वातावरणावर आदळून परततात आणि शेकडो मैलांवर ऐकू येतात. परंतु हाच गुण अडचणीचाही ठरतो. रात्री एका गावचे स्टेशन दुसऱ्या गावच्या स्टेशनवर चढू नये म्हणून अमेरिकेत अनेक एएम स्टेशनांना सूर्यास्तानंतर शक्ती कमी करावी लागते किंवा लहरींची दिशा बदलावी लागते. विजेची उपकरणे, तारा, लोखंड-काँक्रीटच्या इमारती यांचा अडथळा वेगळाच. आवाज अरुंद आणि खरखरीचा.

एफएमचे उलट आहे. लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच पोहोचतात, पण आवाज स्वच्छ असतो. अमेरिकेत १९६१ पासून एफएमवर स्टिरिओही आले. त्यामुळे संगीत हळूहळू एफएमकडे सरकले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऐकणाऱ्यांच्या संख्येत एफएमने एएमला मागे टाकले.

मग रिकाम्या होत चाललेल्या एएम पेठेत काय विकावयाचे? माणसाच्या बोलण्याला स्टिरिओ लागत नाही. म्हणून बातम्या आणि चर्चा तेथे राहिल्या. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजूंना संधी दिली पाहिजे, असा एक सरकारी नियम होता. तो १९८७ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, रश लिंबॉ या निवेदकाचा राजकीय कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभरच्या स्टेशनांना पुरविला जाऊ लागला. एएमला नवे गिऱ्हाईक मिळाले आणि पुढची पंधरा-वीस वर्षे ती पेठ टॉकच्या जोरावर तगली.

परंतु एक गोष्ट घडत होती. एएम ऐकणारा माणूस म्हातारा होत होता. एफएमवर वाढलेली पिढी रेडिओचे बटण एएमकडे वळवीतच नव्हती. माल चांगला असूनही तरुण गिऱ्हाईक त्या गल्लीत पाऊल टाकत नसेल तर दुकानदाराने काय करावे?

वॉशिंग्टनची तीन दुकाने

याचे उत्तर वॉशिंग्टन शहरात स्पष्ट दिसते. तेथील डब्ल्यूटीओपी हे स्टेशन १९६९ पासून केवळ बातम्या देत आले आहे. दर दहा मिनिटांनी वाहतूक व हवामान, मध्ये शहराच्या आणि देशाच्या बातम्या. त्याची एएमवरील जागा १५०० किलोहर्ट्झची, शक्ती ५०,००० वॅट, म्हणजे अमेरिकेत एएमला मिळू शकणारी सर्वाधिक. तरीही रात्रीच्या वेळी त्याच्या लहरी पश्चिमेकडे क्षीण होत. आणि शहराची वाढ नेमकी त्याच बाजूला, व्हर्जिनियाच्या उपनगरांत होत होती. गिऱ्हाईक राहावयास गेले एकीकडे आणि दुकानाचे तोंड दुसरीकडे!

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मालकांनी त्या बाजूला एक छोटे एफएम स्टेशन घेऊन तेथेही तोच कार्यक्रम लावला. मग जानेवारी २००६ मध्ये त्यांनी मोठे पाऊल उचलले. त्यांच्याच मालकीच्या १०३.५ एफएम या दमदार जागेवर पाश्चात्य शास्त्रीय संगीताचे स्टेशन होते. त्याला दुबळ्या जागांवर हलविले आणि डब्ल्यूटीओपी १०३.५ वर आणले. परिणाम असा झाला की २०१० पासून पुढे अनेक वर्षे हे स्टेशन जाहिरातीच्या उत्पन्नात साऱ्या अमेरिकेत पहिले ठरत आले. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या कितीतरी मोठ्या शहरांतील स्टेशनांना त्याने मागे टाकले. हलविलेल्या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनने मात्र वर्षभरात दम तोडला.

आता त्याच मालकांचे दुसरे दुकान पाहा. मोकळ्या झालेल्या १५०० एएमवर आणि जोडीच्या छोट्या १०७.७ एफएमवर मार्च २००६ मध्ये त्यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट' या नामांकित दैनिकाच्या भागीदारीत नवे टॉक स्टेशन काढले. वार्ताहरांनी आपल्याच बातम्यांवर सविस्तर बोलावे, अशी कल्पना होती. नाव मोठे, माणसे जाणकार. तरी श्रोते जमले नाहीत, तोटा वाढला आणि सप्टेंबर २००७ मध्ये दैनिक बाहेर पडले. मालकांनी नाव बदलून गप्पांचे स्टेशन चालविले, तेही ऑगस्ट २००८ मध्ये बंद केले.

तिसरे दुकान सर्वांत बोधप्रद आहे. २००८ मध्ये त्याच १५०० एएमवर फेडरल न्यूज रेडिओ आले. हे स्टेशन २००० मध्ये इंटरनेटवर सुरू झाले होते. त्याचा श्रोता म्हणजे केंद्र सरकारचे अधिकारी-कर्मचारी आणि सरकारला माल व सेवा पुरविणारे ठेकेदार. शहरातील एकूण श्रोत्यांत त्याचा वाटा नगण्य. पण खरेदीचा निर्णय घेणारा अधिकारी ते ऐकतो म्हणून मोठमोठ्या कंपन्या तेथे जाहिरात देतात. ज्या जागेवर मोठ्या दैनिकाचे नाव चालले नाही, त्याच जागेवर हे छोटे दुकान टिकले.

तात्पर्य असे. पहिल्या दुकानाचे गिऱ्हाईक पक्के होते, त्याला फक्त सोयीची पेठ हवी होती. दुसऱ्याजवळ नाव होते, पण त्या मालाला रोजचे गिऱ्हाईक नव्हते. तिसऱ्याने गर्दीचा नादच सोडला आणि मोजके, पण कामाचे गिऱ्हाईक धरले. जागा महत्त्वाची खरीच, पण ती मालाची जागा घेऊ शकत नाही.

न्यूयॉर्कमध्ये तेच

न्यूयॉर्कमध्ये १०१.९ एफएमवर ऑगस्ट २०११ मध्ये एका नव्या कंपनीने बातम्यांचे स्टेशन काढले. पट्टा एफएमचा, शहर देशातले सर्वांत मोठे. परंतु शहरात दोन जुनी बातमी-स्टेशने पाय रोवून उभी होती. जुलै २०१२ मध्ये नव्या स्टेशनने बातम्या थांबविल्या. त्याच जागेवर नोव्हेंबर २०१२ मध्ये डब्ल्यूएफएएन हे खेळांच्या चर्चेचे स्टेशन आले. ते १९८७ पासून एएमवर होते आणि त्याचा श्रोतृवर्ग घट्ट होता. ते तेथे रुजले.

ती दोन जुनी बातमी-स्टेशने पुढे एकाच कंपनीच्या ताब्यात होती. त्यांपैकी १०१० विन्स या स्टेशनला ऑक्टोबर २०२२ मध्ये ९२.३ एफएमची जोड मिळाली. दुसऱ्या, ८८० एएमवरील डब्ल्यूसीबीएसला एफएम मिळाले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या बातम्या बंद झाल्या आणि ती जागा खेळांच्या चर्चेसाठी भाड्याने दिली गेली. १९६७ पासून चाललेले बातम्यांचे दुकान असे उठले. म्हणजे नुसत्या नव्या पेठेवर धंदा होत नाही हे जितके खरे, तितकेच पेठ ओस पडत असताना जुन्या नावावर बसून राहता येत नाही, हेही खरे.

लहान स्टेशनांसाठी अमेरिकन सरकारने २००९ मध्ये एक वाट काढली. एएम स्टेशनांना २५० वॅटपर्यंतच्या छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून आपलाच कार्यक्रम पुन्हा प्रसारित करण्याची मुभा दिली. गाळा परवडत नसेल तर मोठ्या रस्त्यावर हातगाडी लावावी, तसाच हा प्रकार.

वाटा वाढला, गिऱ्हाईक घटले!

आता ज्या आकड्यांवर हे सारे निर्णय होतात ते पाहू. तीन शब्द ध्यानात ठेवले म्हणजे पुरे: रेटिंग, शेअर आणि क्यूम. हिशेबासाठी एक कल्पित शहर घेऊ.

शहराची लोकसंख्या १० लाख. एखाद्या पाव तासात सरासरीने १ लाख लोक रेडिओ ऐकत आहेत. त्यांपैकी ५ हजार आपल्या स्टेशनवर आहेत. १० लाखांतले ५ हजार म्हणजे अर्धा टक्का. हे झाले रेटिंग. रेडिओ ऐकणाऱ्या १ लाखातले ५ हजार म्हणजे ५ टक्के. हा झाला शेअर. आणि आठवडाभरात एकदा तरी थोडा वेळ स्टेशन लावणारे वेगवेगळे लोक समजा दीड लाख भरले, तर तो क्यूम. स्टेशन एकच, आकडे तीन. विकणारा प्रतिनिधी स्वाभाविकच दीड लाखाचा आकडा सांगतो. पण आपली एक जाहिरात एका वेळी वाजते, तेव्हा ती ऐकणारे ५ हजारच्या आसपास असतात.

आता वर्षभराने रेडिओ ऐकणारे १ लाखावरून ८० हजारांवर आले आणि आपल्या स्टेशनवर ४,८०० राहिले. शेअर किती? ६ टक्के. म्हणजे वाटा पाचावरून सहावर गेला, आणि माणसे मात्र दोनशेने कमी झाली. एएम ते एफएम स्थलांतराच्या यशाचे आकडे वाचताना हे विसरू नये. शेअर हा पेठेतला वाटा सांगतो. पेठ वाढते की आटते, हे सांगत नाही.

डायरी गेली, मीटर आला

अमेरिकेत ही मोजणी बहुतांशी आर्बिट्रॉन नावाची कंपनी करीत असे. २०१३ मध्ये ती नील्सनने विकत घेतली. जुनी पद्धत डायरीची. निवडलेल्या माणसाने आठवडाभर काय ऐकले ते वहीत लिहावयाचे. यात माणूस आठवणीने लिहितो. ज्याचे नाव तोंडात बसले आहे ते स्टेशन प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिले जाते, आणि जाता-येता कानावर पडलेले राहून जाते.

२००७ मध्ये फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टन येथे मीटरची पद्धत अमलात आली आणि पुढे ती मोठ्या शहरांत पसरली. पट्ट्याला अडकविण्याजोगे छोटे यंत्र निवडक लोकांजवळ दिले जाते. स्टेशन आपल्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळते आणि यंत्र ती टिपते. पाव तासात किमान पाच मिनिटे ऐकले तर तो पाव तास स्टेशनच्या खात्यावर जमा होई. जानेवारी २०२५ पासून मीटरच्या शहरांत ही अट तीन मिनिटांची करण्यात आली. श्रोते तेच राहिले तरी अट बदलल्यावर खात्यातला आकडा हलणारच. गजाचा मीटर झाला की थान लांब-आखूड होत नाही, फक्त आकडा बदलतो.

मीटर आल्यावर दिसले की लोक डायरीत लिहीत होते त्याहून अधिक स्टेशने ऐकतात, पण प्रत्येक स्टेशन कमी वेळ ऐकतात. बोलक्या स्टेशनांपुढे तर एक निराळीच अडचण उभी राहिली. ती खूण आवाजाच्या आड लपवावी लागते. संगीत सतत चालते, त्यामुळे लपविण्यास जागा मिळते. माणूस बोलताना थांबतो, श्वास घेतो, आवाज खाली आणतो. तेथे खूण क्षीण होते. २०१४ च्या सुमारास ही खूण ठळक करणारे एक यंत्र बाजारात आले, अनेक स्टेशनांनी ते घेतले आणि मोठा वाद झाला. शेवटी २०१५ मध्ये नील्सनने स्वतःच खूण अधिक जोरकस केली. इतकी वर्षे श्रोता ऐकत होता, पण यंत्राला कधी कधी कळत नव्हते!

मोजणीतून कोण सुटले?

अल्पसंख्य समाजातील व्यापाऱ्याने खास लक्ष द्यावे अशी बाब येथे येते. वरच्याच कल्पित शहरात १० लाख लोकांमागे १ हजार मीटर वाटले, तर एक मीटर म्हणजे १ हजार माणसे. मग आपले ५ हजार श्रोते म्हणजे अवघे पाच मीटर. त्यांतली दोन घरे गाव सोडून गेली तर कागदावर २ हजार माणसे नाहीशी होतात. महिनाभराची सरासरी काढल्याने हा झोका कमी होतो, पण जात नाही. आणि ज्या समाजात मुळातच मीटर कमी वाटले गेले, त्या समाजाच्या स्टेशनला तर आकडा मिळणारच कसा?

हा तर्क नव्हे, घडलेली गोष्ट आहे. मीटर आल्यावर कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक समाजाच्या स्टेशनांचे आकडे खाली आले. केवळ मोबाइल वापरणारी घरे, तरुण आणि अल्पसंख्य समाज नमुन्यात पुरेसे नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांच्या सरकारी महाधिवक्त्यांनी आर्बिट्रॉनवर दावे दाखल केले. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने नमुना सुधारण्याचे मान्य केले. आकडा घसरला की जाहिरातीचा दर घसरतो, दर घसरला की स्टेशन मोडकळीस येते, आणि त्या समाजाचा स्वतःचा आवाज जातो. तराजूतल्या फरकाची किंमत अशी असते.

एएम पेठ ओस पडण्याचा फटकाही बड्या कंपन्यांइतकाच या समाजांना बसतो. स्वस्त जागा म्हणून स्थलांतरितांच्या भाषांतील कितीतरी कार्यक्रम एएमवरच आहेत. विजेवरच्या गाड्यांतील मोटारी एएममध्ये खरखर निर्माण करतात, म्हणून काही कंपन्यांनी नव्या गाड्यांतून एएम काढून टाकले. फोर्ड कंपनीनेही तसे जाहीर केले होते, पण मे २०२३ मध्ये माघार घेतली. त्याच महिन्यात प्रत्येक गाडीत एएम सक्तीचे करण्याचे विधेयक अमेरिकन संसदेत मांडले गेले.

आपल्याकडचा हिशेब

आपल्याकडे ही वाटचाल वेगळी झाली. रेडिओवर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून सुरू झाल्या, त्या मीडियम वेव्हवर. खाजगी एफएम २००१ मध्ये बंगलोरपासून आले, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई राहिली. २०११ च्या धोरणाने फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा दिली. म्हणून डब्ल्यूटीओपीसारखे स्थलांतर येथे झालेच नाही. एफएम पेठेत गाणी, आणि बातम्या आकाशवाणीकडे.

मोजणीचे म्हणाल तर २००७ मध्ये रॅम नावाची पद्धत सुरू झाली. ती डायरीची होती आणि मुंबई, दिल्ली, बंगलोर व कलकत्ता या चार महानगरांपुरती. औरंगाबाद, सोलापूर, नाशिकच्या दुकानदाराला त्या डायरीत जागा नव्हती. तेव्हा लहान शहरात "आम्ही पहिले" असे कोणी म्हणाला, तर कोणत्या मोजणीत, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

आमची सूचना साधी आहे. जाहिरात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आकडा शेअरचा, रेटिंगचा की क्यूमचा? मोजणी कोणी केली आणि किती माणसांवर? माझी जाहिरात ज्या वेळी वाजणार त्या वेळचा आकडा किती? आणि ऐकणारा माणूस माझा माल घेणारा आहे काय? साडीच्या किरकोळ दुकानदाराला दुपारी घरी रेडिओ ऐकणारी गृहिणी हवी. भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्याला ठोक खरेदी करणारे पन्नास व्यापारी हवेत. दुसऱ्याने पहिल्याची मोजपट्टी वापरली तर पैसा वाऱ्यावर जाईल.

आणि स्वतःची मोजणी सोडू नये. एक महिना, एकच स्टेशन, एकच ठरावीक सवलत, जी दुसरीकडे कोठेही जाहीर केलेली नाही. जो तिचे नाव घेईल त्याच्या बिलावर एक खूण करावी. महिन्याअखेर खुणा मोजाव्यात आणि त्या गिऱ्हाइकांवर मिळालेला नफा जाहिरातीच्या खर्चाशी ताडून पाहावा. हा आकडा कोणत्याही कंपनीच्या अहवालात सापडणार नाही, पण पुढच्या महिन्याचा सौदा याच आकड्यावर करावा.